पहिल्याच सेमला तीन केट्या. अभ्यास कमी पडला की आणखी काही?

मंजिरी_अंबाजोगाई (धागाकर्ती) | १४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. गेल्या आठवड्यात पहिल्या सेमचा निकाल लागला. एम-वन (गणिताचा पहिला पेपर), फिजिक्स आणि इलेक्ट्रिकल, तीन विषय राहिले. दहावीला ९४ टक्के आणि सीईटीला ९६ पर्सेंटाइल असलेला पोरगा. आमच्या घरात 'केटी' हा शब्दच पहिल्यांदा आला.

याला बाहेर राहायची सवय आहे असं आम्ही धरून चाललो होतो. अकरावी-बारावीची दोन वर्षं लातूरला क्लासजवळच्या होस्टेलवर काढली होती ना. त्यामुळे पुण्याचं काही टेन्शनच घेतलं नाही. प्रवेश मात्र कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या राउंडला झाला. तो पोचला तेव्हा वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि कॉलेजच्या होस्टेलची यादी भरली होती. म्हणून बाहेर कॉट बेसिसवर राहतो. खोलीत चौघं. बाकीचे तिघं दुसऱ्याच कॉलेजचे आणि एकमेकांचे शाळासोबती.

फोन रोज होतो. जेवलास का? हो. अभ्यास चाललाय ना? हो. बरं ठेवू? हो. दिवाळीला आला तेव्हा वाळला होता, मेसचं जेवण मानवत नसेल म्हणून मी दोन किलो शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. परत जायच्या दिवशी सकाळी पोट दुखतंय म्हणाला, एस.टी. सोडली, दुसऱ्या दिवशी गेला. तेव्हा काही वाटलं नाही. आता तेच तेच आठवतंय.

मिस्टर म्हणतात, मोबाइल. दीर म्हणतात, पुढच्या वर्षी संभाजीनगरला बदली करून घ्या, जवळ राहील. मुलगा काहीच म्हणत नाही. हे अभ्यासाचं आहे का मनाचं, आणि आम्ही आता नेमकं करायचं काय? अनुभवी लोकांनी लिहा.

---

गणितमास्तर | १५ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

ताई, मी एम-वन शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. तुमच्या मुलाचं कॉलेज वेगळं असेल, पण ही गोष्ट मी दर फेब्रुवारीत ऐकतो.

पेपर तपासताना एक गोष्ट लक्षात येते. ज्याला गणित खरंच जमत नाही त्याचा पेपर निराळा दिसतो, आणि ज्याने अख्ख्या सेममध्ये गणिताबद्दल कोणाशी एक शब्द बोललेला नाही त्याचा निराळा. या दुसऱ्याने मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू बरोबर काढलेल्या असतात आणि आयगेन व्हेक्टरपाशी गाडी बंद पडते. कारण ती एक पायरी वर्गात निसटली आणि नंतर विचारायला शेजारी कोणी नव्हतं. फूरिये सिरीजमध्ये फंक्शन सम आहे का विषम हे आधी पाहिलं की निम्मी आकडेमोड वाचते. हे मी फळ्यावर सांगतोच, पण बहुतेकांना ते पोचतं परीक्षेच्या आदल्या रात्री, मित्राच्या तोंडून. ज्याला तो मित्र नाही, तो सगळी इंटिग्रल्स सोडवत बसतो आणि वेळ संपते.

घसरणीला एक क्रम असतो. आधी मेस सुटते. मग झोप उलटी होते. मग सकाळचं पहिलं लेक्चर जातं, मग सबमिशन. मार्क सगळ्यात शेवटी जातात, आणि घरच्यांना दिसतात ते फक्त मार्क.

उशिरा प्रवेशाचं तर विचारूच नका. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आखून दिला आहे, यूजीसीने २०१९ मध्ये त्याच धर्तीवर 'दीक्षारंभ' आणला. ओळखीपाळखी व्हाव्यात, कॅम्पस कळावा, घाबरटपणा जावा, हाच हेतू. कागदावर छान आहे. पण जो पोरगा शेवटच्या राउंडला येतो त्याचा दीक्षारंभ तो यायच्या आधीच उरकलेला असतो! ज्याला सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच गैरहजर. शिवाय मैत्री साठ-सत्तर जणांच्या डिव्हिजनमध्ये होत नाही, ती प्रॅक्टिकलच्या वीस-बावीस जणांच्या बॅचमध्ये होते. उशिरा आलेली मुलं जिथे जागा असेल तिथे जोडली जातात.

तुम्ही त्याला एवढंच विचारा: तुझ्या बॅचमधल्या पाच मुलांची नावं सांग.

---

जुना_खोंड | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे जरा जास्त होतंय. मी १९८४ ला नगर जिल्ह्यातून पुण्याला आलो. पत्र्याची खोली, उन्हाळ्यात भट्टी. फोन नव्हता, पत्र पोचायला चार दिवस. समुपदेशक हा शब्द ऐकला नव्हता. नापास झालो की बाप कानफटात द्यायचा आणि पुढच्या वेळी पास व्हायचो. हल्ली सगळ्याला ॲडजस्टमेंट म्हणायची पद्धत पडली आहे. तीन केट्या म्हणजे अभ्यास केला नाही. बाकी सगळी सजावट.

---

पेठेतला_बाब्या | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:०३

खोंडसाहेब, तुमचाच 'एस.टी.चा डबा' धागा काढून वाचा की. त्या पत्र्याच्या खोलीत तुमच्याच तालुक्यातले पाचजण होते. डबा गावाहून मुक्कामी गाडीने यायचा, स्टँडवर आणायला पाळी लावलेली असायची, आणि कंडक्टर डब्याबरोबर घरचा निरोपही द्यायचा. तुम्हीच लिहिलंय हे, मी नाही. मेकॅनिक्समध्ये गचकलात तेव्हा शिकवलं कोणी? खोलीतल्याच पाथर्डीच्या सीनियरने.

म्हणजे आधार होता. त्याला कोणी नाव दिलं नव्हतं इतकंच.

त्याच्याही मागे जा. पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्यात लाचारी होती, अपमान होता, जातीची भिंत तर होतीच, त्याचं गोडवं गायचं कारण नाही. पण आठवड्यातून सात घरांत पोराचा चेहरा कोणीतरी बघत होतं. विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी काढली ती खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठीच, आणि तिथे नुसती खोली देत नाहीत, कामाच्या पाळ्या असतात, सोबत जेवण असतं. जुन्या लोकांना हे अभ्यासाएवढंच महत्त्वाचं वाटलं होतं.

आता कॉट बेसिस. चार अनोळखी पोरं, चार हेडफोन, चार वेगवेगळे पार्सल.

---

जुना_खोंड | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:३१

डब्याचं खरं आहे. सीनियर पाथर्डीचा नव्हता, शेवगावचा होता. बाकी मी माझ्या मतावर आहे.

---

निशिगंधा | १५ फेब्रुवारी, दुपारी २:२०

मी एका कॉलेजात समुपदेशक आहे, आठवड्यातून तीन दिवस. मंजिरीताई, तुमचा 'अभ्यासाचं का मनाचं' हा प्रश्न पालक नेहमी असाच विचारतात, आणि अडचण त्यातल्या 'का'पाशीच आहे.

या विषयावर चाळीस-पन्नास वर्षं काम झालेलं आहे, बरंचसं अमेरिकेत. व्हिन्सेंट टिंटो या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलं की विद्यार्थी कॉलेज सोडतो तो फक्त डोकं कमी पडतं म्हणून नाही. अभ्यासाच्या आणि माणसांच्या अशा दोन्ही जगांत तो किती मिसळला यावर ते ठरतं. गंमत म्हणजे त्याने आधार घेतला होता समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने आत्महत्येवर मांडलेल्या सिद्धान्ताचा: समाजाशी धागा तुटला की माणूस निघून जातो. पुढे १९८०च्या दशकात बेकर आणि सिरिक यांनी ६७ प्रश्नांची एक प्रश्नावली केली, ती आजही वापरतात. तिचे चार भाग आहेत: अभ्यासाशी जुळणं, माणसांशी जुळणं, स्वतःची मनःस्थिती-झोप-भूक, आणि 'हे कॉलेज माझं आहे' असं वाटणं. भूक आणि झोप त्यात आहेत हे लक्षात घ्या. मास्तरांनी मेसपासून सुरुवात केली ती उगाच नाही.

१९९४ मध्ये गर्डेस आणि मॅलिनक्रॉट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा सहा वर्षं मागोवा घेतला. कोण टिकलं आणि कोण गेलं हे सांगायला भावनिक आणि सामाजिक बाबी अभ्यासाच्या बाबींइतक्याच, काही ठिकाणी जास्तच, उपयोगी पडल्या.

पण बाण दोन्हीकडे जातो. एकटा पडला म्हणून नापास झाला, हे जितकं खरं तितकंच नापास झाला म्हणून एकटा पडला, हेही खरं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत दुसरा बाण जोरात असतो. पहिल्या इन-सेमला, म्हणजे सेमच्या मधल्या परीक्षेला, तीसपैकी सहा मिळतात. शाळेत जी ओळख होती, 'हुशार', ती एका कागदाने जाते. मग तो हुशार मुलांच्यात बसत नाही कारण लाज वाटते, आणि 'ढ' मुलांच्यात बसत नाही कारण आपण ढ नाही असं वाटतं. मधल्या मध्ये बसायला बाकच उरत नाही.

घरची आठवण येणं हा आजार नाही, ती बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. पण झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा, 'होईल ठीक' म्हणू नका. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं काही बोलला, तर एक दिवससुद्धा थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ वर दिवसरात्र फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

---

केटीसम्राट | १६ फेब्रुवारी, रात्री १२:४८

काकू, मी तिसऱ्या वर्षाला आहे. गाव शहाद्याकडचं. पहिल्या सेमला माझ्या चार होत्या, म्हणून हा आयडी. आता सगळ्या सुटल्यात, तेव्हा आधी पाणी प्या.

मला कशाने मारलं ते सांगतो. बारावीपर्यंत मराठीतून विचार. इथे सर म्हणायचे, एनी डाउट्स? डाउट असायचा. मी मनात वाक्य जुळवायचो, 'सर व्हाय वी हॅव...' का 'सर व्हाय डू वी हॅव', तेवढ्यात स्लाइड बदललेली असायची. असं दहा वेळा झालं की माणूस वाक्य जुळवायचं सोडतो. मग डाउट काढायचं सोडतो. मग ऐकायचं. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं, शांत मुलगा आहे.

दुसरी गोष्ट पालकांना कधीच कळत नाही. पहिल्या आठवड्यात कॉलेजमध्ये सगळे एकच विचारतात, 'तुला सीईटीला किती?' वाटतं, मार्क विचारतायत. मार्क नसतात विचारत, कॅटेगरी विचारत असतात. आकडा सांगितला की समोरचा मनातल्या मनात हिशोब करतो, आणि काही जणांच्या चेहऱ्यावर तो दिसतो. कोणी शिवी देत नाही, मारत नाही. फक्त ग्रुप प्रोजेक्टच्या वेळी ग्रुप आधीच झालेला असतो. त्याची तक्रार कुठे करणार? मी पुढे दोन महिने आकडा वाढवून सांगायचो. आता लाज वाटते, तेव्हा बरं वाटायचं.

वाचवलं कॉलेजच्या 'कमवा व शिका' योजनेने. लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम. पैसे थोडेच, पण तिथे एक दादा होता अंतिम वर्षाचा, पुस्तकं लावता लावता त्याने मला एम-वन मराठीत शिकवलं. पार्शल डिफरन्सिएशन म्हणजे काय, तर 'बाकीच्यांना गप्प बसव, एकालाच हलव.' अजून तसंच डोक्यात आहे.

---

वटवृक्ष_६२ | १६ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

चांगल्या धाग्यात जात आणायची गरज होती का?

---

निशिगंधा | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

होती. मी काल लांबी वाढते म्हणून गाळलं होतं, आता लिहिते. वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियरांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही आपण इथले नाही असं वाटायचं, सगळ्यांनाच वाटतं, नंतर ते जातं. मग मुलांनी त्यावर स्वतः लिहायचं. सगळं मिळून तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले, गोऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या गुणांतली दरी निम्म्यावर आली. गोऱ्या मुलांवर तसा परिणाम दिसला नाही, कारण 'हे कॉलेज माझ्यासारख्यांसाठी आहे का' हा प्रश्न त्यांना तसा पडलेलाच नव्हता.

ज्याला तो प्रश्न पडतो त्याची निम्मी शक्ती तिथेच जाते. एखादी वाईट कमेंट झाली, एक पेपर खराब गेला, की इतरांना वाटतं 'आजचा दिवस वाईट', याला वाटतं 'बघ, मी म्हणत नव्हतो'. केटीसम्राटने जे लिहिलंय ते या धाग्याचाच विषय आहे.

तासाभराचं व्याख्यान ठेवलं की काम झालं, असा अर्थ कोणी काढू नये. हाच प्रयोग पुढे २२ संस्थांत केला गेला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. जिथे मुलांना सामावून घ्यायला खरोखर वाव होता तिथेच उपयोग झाला. वर्गात दारं बंद असतील तर 'तू इथलाच आहेस' हे वाक्य थापच ठरतं.

---

ताशेवाला | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

एक उलटं उदाहरण देतो, नाहीतर सगळे म्हणतील मित्र झाले की मार्क आपोआप येतात.

मी पहिल्या वर्षी ढोल-ताशा पथकात होतो. जुलैपासून रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव, रात्री पथकाच्या पोरांबरोबर भुर्जीपाव, विसर्जनाला तर दोन दिवस डोळा लागला नाही. दोनशे मित्र. सामाजिक समायोजनात मला डिस्टिंक्शन मिळालं असतं. इन-सेमला भोपळा, सेमला चार विषय. घरची आठवण एक दिवस आली नाही, तीच अडचण झाली असावी.

---

बॅकस्टेजवाली | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

माझं बरोबर उलट. मी फार्मसीला होते, पहिल्या वर्षी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींना सेट हलवायला जायचे. स्टेजवर जायची छाती नव्हती. पण तालमीनंतर तिथेच सीनियर मुली अभ्यासाला बसायच्या, त्यांच्या जुन्या जर्नल्स मिळायच्या, कोणते सर व्हायव्हाला काय विचारतात ते कळायचं. भरत नाट्यला आमची एकांकिका पडली, मी सगळ्या विषयांत पास झाले.

ताशेवाले, फरक एवढाच असेल की तुमच्या दोनशेत तुमच्या कॉलेजचं कोणी नव्हतं.

---

ताशेवाला | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

होतं ना एक. त्याच्या पाच केट्या होत्या.

---

मिडवेस्टची_माई | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४५

मी इथे अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात विद्यार्थी सल्लागार आहे. तुमच्याकडच्या केटीचं मला फारसं कळत नाही, वीस वर्षं झाली देश सोडून. पण पहिल्या सेमिस्टरचे रडवेले चेहरे तेच.

इथे १९७४ चा एक कायदा आहे. मूल अठराचं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या मार्कांच्या नोंदींवर हक्क त्याचा. आईबापांनी फोन केला तरी साधारणपणे मुलाच्या संमतीशिवाय मी काही सांगू शकत नाही. भारतीय पालक प्रचंड चिडतात. 'फी कोण भरतं?' पण त्यामुळे एक होतं: विद्यापीठाला स्वतः लक्ष ठेवावं लागतं. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या आठवड्यातच शिक्षक कळवतात, अमुक मुलगा दोन वेळा आला नाही, तमुकने असाइनमेंट दिली नाही. मी त्याला बोलावते. तोवर काही बिघडलेलं नसतं. सेमिस्टर संपल्यावर कळून काय उपयोग?

साउथ कॅरोलायना विद्यापीठाने १९७२ मध्ये नव्या मुलांसाठी खास एक कोर्स सुरू केला, युनिव्हर्सिटी १०१. तो कशातून निघाला माहितेय? १९७० मध्ये मुलांनी आंदोलन करून प्रशासनाच्या इमारतीचा ताबा घेतला होता! मुलांना विद्यापीठ आपलं का वाटत नाही, हा प्रश्न त्यानंतर पडला. सगळीकडेच आधी आग लागते, मग विहीर.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. मुलं इथेही खोलीचं दार लावून बसतात. आमच्या मराठी घरांतली मुलं तर जास्तच, कारण 'सगळं मस्त आहे आई' हे त्यांना फार लवकर जमतं.

---

हाडवैद्य | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

थोडक्यात. एमबीबीएसला पहिलं वर्ष ॲनाटॉमीचं. डिसेक्शन टेबलाभोवतीची मुलं हीच पहिली मित्रमंडळी, फॉर्मॅलिनने डोळे सगळ्यांचेच चुरचुरतात, त्यामुळे कोण रडतंय ते कळत नाही. आमच्याकडे २०१९ पासून सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, त्यात स्थानिक भाषाही शिकवतात, कारण ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या मुलाला मराठी पेशंटशी बोलायचं असतं. त्या भाषेच्या तासाला आमच्या केरळच्या मुलांची पहिल्यांदा हसाहशी झाली, आणि तिथून ती वर्गात मिसळली. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या हे डोक्यात असेल असं वाटत नाही.

---

गणितमास्तर | १७ फेब्रुवारी, रात्री ८:१०

माई, आमच्याकडेही हजेरी दर महिन्याला लागते, ७५ टक्क्यांच्या खाली गेला की घरी पत्र जातं. पण ते पत्र धमकीचं असतं, चौकशीचं नसतं. 'डिटेन करू' लिहिलेलं पत्र वाचून कोणता बाप मुलाला 'काय झालं रे' विचारेल?

मेंटॉर म्हणून माझ्याकडे वीस मुलं असतात. खरं सांगतो, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी त्यांच्या फॉर्मवर सह्या करायचो फक्त. 'एनी प्रॉब्लेम? नो सर. साइन हिअर.' नॅकला (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेला) दाखवायची फाइल पूर्ण. एका मुलाने वर्ष सोडलं तेव्हा फाइल काढून बघितली. पाचही भेटींत 'नो प्रॉब्लेम' माझ्या अक्षरात.

आता मी सह्या कँटीनला करतो. चहा माझ्याकडून. जास्त काही करत नाही.

लातूरबद्दल राहिलं. ताई, तिथे राहण्याची सवय आणि कॉलेजची सवय यांत फरक आहे. क्लासच्या होस्टेलवर उठायची, जेवायची, अभ्यासाची वेळ दुसरं कोणी ठरवतं, दर रविवारी टेस्ट, रँक भिंतीवर. शिवाय बऱ्याच मुलांचं ज्युनिअर कॉलेज कागदावरच असतं. दोन वर्षं गॅदरिंग नाही, प्रॅक्टिकलचा पार्टनर नाही, वर्गात भांडण नाही. म्हणजे वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी जे आपसूक शिकायचं ते राहूनच जातं. इथे आल्यावर घंटा वाजवणारा कोणी नसतो, आणि शेजारच्याशी बोलायला कसं सुरू करतात तेही आठवत नाही.

---

मंजिरी_अंबाजोगाई | ९ मार्च, रात्री १०:२०

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेऊन मिस्टरांना वाचायला दिले. जुना_खोंड यांचा त्यांना सगळ्यात आवडला. असो.

मागच्या शनिवारी एकटीच पुण्याला गेले. मास्तरांनी सांगितलेला प्रश्न फोनवर विचारला होता, तेव्हा त्याने दोन नावं सांगितली आणि गप्प झाला. समोर बसल्यावरही पहिला दिवस काही नाही. रविवारी सकाळी पोहे खाताना आपणहून बोलला. म्हणाला, 'आई, मला सगळ्यांची नावं कळायच्या आत सगळ्यांचे ग्रुप झाले होते.'

मग एकेक निघालं. मेसला एकटं ताट घेऊन बसायची लाज वाटायची, म्हणून गर्दी ओसरल्यावर जायचा, तेव्हा भाजी संपलेली असायची. मग जाणंच सोडलं. बिस्किटं आणि माझी चटणी. इन-सेमला एम-वनमध्ये तीसपैकी सात मिळाले. ती यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासकट टाकली होती. कोणी हसलं का विचारलं तर म्हणाला, नाही, कोणी काहीच बोललं नाही. त्या रात्री ग्रुप म्यूट केला. त्यामुळे पुढे प्रॅक्टिकलची वेळ बदलली तेही कळलं नाही, सबमिशनची तारीख गेली ती तशीच. मिस्टर म्हणत होते मोबाइलमुळे झालं. इथे तर मोबाइल बंद ठेवल्यामुळे झालं!

मी रडले नाही तिथे. स्वारगेटला रडले.

कॉलेजात समुपदेशक आहेत असं कळलं, फक्त बुधवारी, आणि खोली परीक्षा विभागाच्या शेजारी. तिथे रांगेत उभं राहिलं की सगळ्यांना दिसतं. तरी एकदा गेला. पुन्हा जाईन म्हणालाय, जाईलच असं नाही. खोली बदलतोय एक तारखेपासून, त्याच्याच बॅचमधल्या परळीच्या मुलाबरोबर. त्या मुलाच्याही दोन केट्या आहेत हे ऐकून मिस्टर म्हणाले, झालं मग. मला उलट बरं वाटलं.

बदलीचं तूर्त बाजूला ठेवलंय. त्यालाच विचारलं. म्हणाला, तिकडे परत पहिल्यापासून नावं पाठ करावी लागतील.

---

निशिगंधा | १० मार्च, सकाळी ९:४०

बरं वाटलं वाचून. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत: १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि मुलांना मार्कांवरून चारचौघांत लाजवू नये. नावासकट याद्या टाकण्याबद्दल कॉलेजला एक साधं पत्र लिहा, चार पालकांच्या सह्या घेऊन. मुलाचं नाव घालायची गरज नाही.

आणि फोनवर 'अभ्यास झाला का' ऐवजी 'आज कोणाबरोबर जेवलास' विचारून बघा. 'हो' म्हणून सुटता येत नाही.

---

जुना_खोंड | १० मार्च, सकाळी १०:१५

मंजिरीताई, परळीच्या मुलासाठीही चटणी पाठवा. दोघांत एक डबा द्या, वेगवेगळे नको.

---

गणितमास्तर | १० मार्च, रात्री ९:५५

आणि बॅकलॉगच्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख त्याच्याकडून आजच बघून घ्या. ती त्या म्यूट केलेल्या ग्रुपवरच येते. उशीर झाला तर लेट फी पडते.